वाचनाच्या तासाला मेंढरू

मराठीच्या तासाला धडा बाकावरून बाकावर सरकत यायचा. एकेकानं उठायचं, एकेक उतारा वाचायचा. धडा तिच्या पुढच्या बाकापर्यंत पोचला की आठवीतली सोनम मेंढरागत ओरडायची. हुबेहूब. खालच्या वर्गांतली तिची वर्षं घरच्या मेंढरांमागं कोकणात जाण्यायेण्यात गेली होती. त्यात आवाज पक्का झाला आणि अक्षरं राहून गेली. मराठीच्या सीमाबाई तिला वऱ्हांड्यात उभं करायच्या. वऱ्हांड्यात वाचावं लागत नाही.

थोरल्या बहिणीला, म्हाळसाला, वाचता येत नाही हे आण्णांना, म्हणजे वडलांना, कळलं तेव्हा "डोकं न्हाई पोरीला" म्हणून त्यांनी तिला शाळेतून काढून उजवून टाकलं होतं. त्यामुळं सोनमनं ठरवलं, ढ दिसण्यापेक्षा वांड दिसलेलं बरं.

एकदा मात्र मेंढरू कामी आलं नाही. बाई शांतपणे म्हणाल्या, ओरडून झालं की वाच. सोनमनं पुस्तक खिडकीबाहेरच्या शेळीपुढं धरलं. शेळीनं धडा स्वाध्यायासकट संपवला. अख्ख्या वर्गात तो पूर्ण करणारी ती एकटीच.

बाईंनी आण्णांना बोलावून घेतलं. पोरगी हुशार आहे, नुसती मस्ती नडते, म्हणाल्या. आण्णांनी मान डोलावली आणि त्याच आठवड्यात केंदूरचे पाहुणे बोलावले. वांड पोरगी जास्त दिवस घरात ठेवू नये, असं त्यांचं मत निघालं. हे सोनमला कुणी सांगितलंच नव्हतं.

पोहे झाले. मुलाचे मामा पोपटराव यांनी रिवाजाप्रमाणे पेपर पुढं केला. पोरीची नजर आणि जीभ धड आहे ना, ते बघायचं असतं.

"वाच बाय, चार वळी."

दाराआडून माहेरी आलेली म्हाळसा कडेवरचं पोर हलवत बघत होती. सोनमला पहिल्यांदाच वाटलं, आता खरं बोलूनच सुटका व्हईल. असली सून कोण नेणार?

"मला वाचता येत न्हाई," ती म्हणाली. "एक अक्षर बी न्हाई."

पाहुण्यांनी आण्णांकडं पाहिलं. मग आण्णा मोठ्यानं हसले.

"खोडी हाय तिची, मामा. बाईच म्हणल्यात, पोरगी हुशार हाय. वर्गात मेंढरागत वरडती."

"खरंच न्हाई येत," सोनम म्हणाली. आता सगळेच हसले. पोपटरावांनी डोळे पुसत पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "मग तेच ऐकव की."

सोनमनं दारापुढच्या ओट्याकडं पाहिलं. तिथं पाहुण्यांच्या चपला होत्या, उभं राहायला जागा नव्हती.

ती ओरडली. आवाज सगळ्यांना पसंत पडला. सुपारी फुटली.