हँडब्रेकची वायर

धाडहून बुलडाण्याला जाणारी जीप घड्याळ पाहून सुटत नाही, भरली की सुटते. त्या वर्षी मात्र ती भरायलाच तयार नव्हती. बोंडअळीनं कपाशी आतून पोखरली होती, आणि कापसाचा पैसा हाती नसला की माणसं बुलडाण्याची कामं पुढे ढकलतात. जी थोडी निघत, ती प्रेमानंदच्या जीपकडे धावत, कारण त्यानं जीपमध्ये व्हिडिओ बसवून घेतला होता. गुलाबराव शेजारी आपली जीप लावून ‘बुलडाणा, बुलडाणा’ करत घसा कोरडा करत.

शेवटी त्यांनीही तसाच एक सेट आणला. येता आठवडी बाजारही रिकामा गेला तर जीप विकायची, असं त्यांनी घरात सांगून टाकलं. पण प्रेमानंदचा सेट बसवणारा बुलडाण्याचा कलीम मिस्त्री लग्नसराईत गुंतला होता. बाजार झाल्यावर या, म्हणाला.

“मी बसवते,” दीपमाला म्हणाली. गुलाबरावांच्या या मुलीनं नुकतीच फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केली होती.

“तुले घरचा मिक्सर जमला नाई, माय.”

“तो जळाला होता, बाबा. जळालेला कलीमभाईलेही जमत नाई.”

तिनं सेटसोबतचं पत्रक बोनेटवर पसरलं आणि मीटर लावून एकेक वायर तपासली. पिवळी सदा चालू, लाल चावी फिरवल्यावर चालू, काळी गाडीच्या बॉडीला. तिथवर सगळं नीट झालं. डॅशबोर्डला सेटपुरती खाच कापताना मात्र हॅक्सॉचं पातं एका बाजूला जास्त चाललं आणि सेट सैल दातासारखा हलू लागला. तिनं सायकलच्या ट्यूबचा तुकडा फटीत कोंबला.

एक बारीक तपकिरी वायर उरली. पत्रकानुसार ती हँडब्रेकला जोडायची होती, म्हणजे ब्रेक ओढून गाडी उभी असेल तरच चित्र दिसणार. गुलाबरावांनी लगेच कलीमला फोन लावला.

“बॉडीले लावून टाका, गुलाबभाऊ,” कलीम म्हणाला. “सारे तसंच करतात. मंग चालत्या गाडीतही दिसते.”

“आयकलं?” गुलाबराव मुलीकडे वळले.

दीपमालानं वायर सोडली नाही. “बाबा, बीटी बियाण्याच्या थैलीत साध्या कपाशीची बारकी पुडी येते. कडेनं पेराची असते. तिचं काय करता तुमी?”

“फेकतो बांधावर. सारेच फेकतात.”

“म्हून तर. कडेच्या साध्या कपाशीवर साध्या अळ्या वाढल्या असत्या, तर त्यांच्याशी जोड लागून बीटी पचवणाऱ्या अळ्यांचं बेणं पातळ झालं असतं. ही वायर तशीच पुडी हाय. मी नाई फेकणार. वळणावर तुमचे डोळे रस्त्यावर पाह्यजेत.”

“अन् चालताना बंद पडणाऱ्या टीव्हीले कोण बसन?”

तरी तिनं वायर हँडब्रेकलाच जोडली, आणि बाजाराच्या दिवशी धाकधूक घेऊन स्वतःही जीपमध्ये बसली.

प्रेमानंद नेहमीसारखा आधी भरून गेला. मग गुलाबरावांनी ब्रेक ओढून एक विनोदी वग लावला. पडद्यावर नवऱ्याची चाहूल लागताच चोर धान्याच्या कणगीत लपला. माणसं थबकली, एकेक करत आत बसली. चष्म्यासाठी दवाखान्यात निघालेल्या पंचफुलाबाईंनी तर नाक पडद्याला टेकवलं होतं. नवऱ्यानं कणगीच्या झाकणाला हात घातला, तेवढ्यात जीप भरली. गुलाबरावांनी ब्रेक सोडला आणि पडदा काळा झाला.

“अरे, काऊन बंद केला?” मागून एकजण म्हणाला.

“चालत्या गाडीत लागत नाई,” गुलाबराव पुटपुटले.

“प्रेमानंदचा लागते.”

बुलडाण्याला माणसं उतरून आपापल्या कामाला पांगली.

तिथं कलीम स्वतःहून पाहायला आला. सेट हलवून हसला. “खाच जास्त कापली, बेटा. पण जोडणी पक्की हाय.” ट्यूब उपटून त्यानं पट्टी मारली, सेट घट्ट बसला. मग त्यानं तपकिरी वायरला हात घातला. “हे बॉडीले लावू का, भाऊ? आत्ताच होते.”

गुलाबरावांनी दीपमालाकडे पाहिलं. पलीकडे प्रेमानंद परतीच्या फेरीसाठी ‘धाड, धाड’ ओरडत होता. आता नाही म्हणायला तिच्याकडे नुसती त्या पुडीची गोष्टच होती.

“तुमची गाडी हाय, बाबा. तुमी ठरवा,” ती म्हणाली.

इतक्यात पंचफुलाबाई नवा चष्मा लावून आल्या. प्रेमानंदनं हाक मारली, “मावशी, इकडं या. माहा चालताना बी दिसते.”

“तुह्या गाडीत माहा चोर नाई न बे,” म्हणत त्या थेट गुलाबरावांच्या पुढच्या सीटवर चढल्या. “लाव, गुलाब. नव्या चष्म्यानं पयले तेच पाहीन.”

त्यांच्यामागून सकाळचे बाकीचेही आले. कुणी पिशवी सांभाळत, कुणी अर्धी भजी तोंडात धरून. कुणालाही हाक मारावी लागली नाही.

“राहू दे, कलीम,” गुलाबराव म्हणाले. “पोरीनं जोडलं तसंच राहू दे.”

जीप भरली. मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला. हँडब्रेकवर हात ठेवून गुलाबराव पडद्यावरच्या कणगीकडे पाहत होते. सकाळी माणसं बसवण्याच्या नादात त्यांना वग पाहायलाच मिळाला नव्हता.

“बाबा, भरली की गाडी,” दीपमाला म्हणाली.

“हाव,” ते म्हणाले. “झाकण तं उघडू दे.”