तोफेआधीची दहा मिनिटं

रमजानात ऊन कललं की ट्युनिशियातल्या घरोघरच्या चुली आणि रेडिओ एकदमच तापतात. रेडिओवर तोफ वाजली की उपास सुटतो, आणि तोफेआधीची दहा मिनिटं तिजानीची. तीस वर्षं त्याने देशाचा इतिहास असा सांगितला, की बायांच्या हातातली पळी हातातच राहायची. राजे झाले, चाचे झाले, राजांच्या सासवाही झाल्या. राहिली होती फक्त खाणीवरच्या गोळीबाराची गोष्ट. त्यात त्याचा बाप मेला होता, आणि गोळ्यांचा हुकूम देणाऱ्याचा मुलगा आता मंत्री होता.

थोरली बहीण मब्रूका शोरब्याचा डबा मांडीवर घेऊन स्टुडिओत बसली होती. डोळे मिटण्याआधी बापाचं नाव रेडिओवर ऐकायचं, एवढंच तिला हवं होतं.

केंद्राचे संचालक रऊफ आत आले. "तिजानीसाहेब, खाणीचं नको. ऑलिव्हच्या तेलाचा इतिहास सांगा, लोकांच्या तोंडाला पाणी सुटेल."

"उपाशी माणसाच्या तोंडाला पाणी आणून कुणाला पुण्य लागलंय?" मब्रूका म्हणाली.

"बाई, तुम्ही मध्ये पडू नका." ते तिजानीकडे वळले. "खाणीचं नाव काढलंत तर आवाज बंद. नोकरीही."

तिजानीने कानाला हेडफोन लावला. मब्रूकाने मनातच भावाला झापलं: जगाचे बाप सांगितलेस मेल्या, आता आपला गिळतोस की काय?

लाल दिवा लागला.

"आज माझ्या बापाची गोष्ट," तिजानी म्हणाला. "त्याचं नाव अम्मार बिन सालह."

काचेपलीकडे गेलेले रऊफ यंत्रावरच्या हमादीवर खेकसले, "बंद कर."

हमादीचा हात बटणावर गेला आणि थांबला. "याच तारेवरून तोफ जाते, साहेब. आवाज तुटला तर लोकांना वाटेल तोफ होऊन गेली, आणि अख्खा देश वेळेआधी खजूर तोंडात टाकेल. ते पाप कुणाच्या माथी?"

"मग गाणं लाव."

"तोफेच्या तोंडावर गाणं? तुमच्या आई घरात घेतील ना तुम्हाला?"

रऊफना आई दिसली, खजूर हातात धरून रेडिओला कान लावलेली. ते खुर्ची ओढून बसले. तिजानीने मेलेल्या प्रत्येकाचं नाव घेतलं, शेवटी हुकूम देणाऱ्याचंही. मग तोफ झाली.

"उद्यापासून येऊ नका," रऊफ आत येऊन म्हणाले.

मब्रूकाने डब्यासोबतची खजुरांची पुडी उघडून भावाच्या हातावर खजूर ठेवला, दुसरा रऊफांच्या. "घ्या. रिकाम्या पोटी कुणाला काढू नये, बाधतं."

तिजानीने बी थुंकली. "उद्या चौकातल्या कॅफेत सांगेन. तोफ तिथेही ऐकू येते."