चौथा खांदा

दर शनिवारी दुपारी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक शहर उभं राहतं आणि मला वडे तळायला ओट्याची तेवढी कड उरते. शहराचं नाव सातवेस. ते कुठल्याच नकाशात सापडायचं नाही, कारण ते शिरीषच्या डोक्यात आहे. चाळिशीला टेकलेली शहाणीसुरती माणसं त्या शहरात फासे टाकत हिंडत असतात.

शिरीष खेळ चालवतो. तो म्हणाला, "समोर अंधारी गल्ली आहे," की माझा नवरा विक्रांत छाती काढून म्हणतो, "मी आत शिरतो." घरात साधा कोळी दिसला तर हाच गृहस्थ मला हाक मारतो, पण सातवेशीत तो नामांकित चोर आहे. त्याच्या ऑफिसातला डोनल इथलाच, आयर्लंडचा, क्लेअरमधल्या एका खेड्यात वाढलेला. सातवेशीत तो लोहार. चौथी सरिता. ती आणि शिरीष शॅननच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एकाच कारखान्यात आहेत, हृदयाच्या शस्त्रक्रियेला लागणाऱ्या नळ्या बनवतात. शहरात ती वैद्य. काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं आणि जमलं की फसलं ते फाशानं सांगायचं, एवढाच खेळ. डोनलसाठी तो इंग्रजीत चालतो, भांडणं मात्र मराठीत होतात. मी त्याला पोरखेळ म्हणायचे. आठवडाभर ऑफिस करून शनिवारी या मंडळींचा चहा आणि वडे, म्हणजे घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. आता पोरखेळ म्हणत नाही. का, ते सांगते.

सरिताचे बाबा, दीनानाथकाका, नागपूरला करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. सरिता इथे अडकलेली. भावानं गॅलरीतून फोन धरला, त्यात तिनं सगळं पाहिलं. खाली गाडी आली. पांढऱ्या किटमधल्या चार माणसांनी बाबांना उचललं. चेहरे झाकलेले, त्यामुळे कोण ते कळायला मार्ग नव्हता. गाडीत ठेवायच्या वेळी भावानं डोळे पुसायला हात उचलला आणि फोनमध्ये नुसतं आभाळ दिसलं. एकदा भांडी पुसता पुसता ती मला म्हणाली होती, "बाबांची कंबर फार दुखायची गं. जपून ठेवलं असेल ना त्यांनी?" मी एरवी बोलायला कुणाला हार जात नाही, पण तेव्हा मला काही बोलता आलं नाही.

मग सातवेस सुरू झालं तेव्हा सरितानं आपल्या वैद्याला एक म्हातारा बाप दिला. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, खिशात फुटाणे, रोग्याला औषधाआधी शिव्या. ते दीनानाथकाकाच होते हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलून दाखवत नव्हतं. दर शनिवारी ती पहिल्यांदा एकच विचारायची, "बाबा काय करतायत?" शिरीष म्हणायचा, "ओसरीवर बसलेत, फुटाणे खातायत." तेवढं ऐकलं की ती फासा हातात घ्यायची. जगात तेवढ्या एका ठिकाणी तिचे बाबा अजून होते.

आणि एका शनिवारी या शिरीषनं त्या शहरात साथ आणली. मोठ्या उत्साहानं आणली. साथीचं नाव निळी, कारण माणसाची नखं आधी निळी पडतात. शहराच्या सातही वेशी बंद. घराघरांतून माणसं मरताहेत आणि राजाचा हुकूम आहे की मृताला कुणी शिवायचं नाही, सरकारी गाडी येईल, ती नेईल. आमच्या मंडळींनी साथीवर औषध शोधायचं होतं. आज कुठल्या घरात निळी शिरणार ते फाशानं ठरायचं. बाजारामागच्या गल्लीत सहा घरं, फाशाला सहा बाजू.

शिरीषनं फासा टाकला. चार. चौथं घर सरिताचं.

मी झाऱ्या हातात धरून तशीच उभी राहिले. शिरीषचा चेहरा पांढराफटक पडला. "ए, हे धरायचं नाही," तो म्हणाला. "मी परत टाकतो."

"नाही," सरिता म्हणाली. "पडला तो पडला."

"अगं, माझ्या डोक्यातच नव्हतं हे. खेळच आहे ना? बदलू या."

"काहून बदलायचं?" ती म्हणाली. रागावली किंवा गलबलली की तिचं नागपूर बाहेर येतं. "तेव्हा मला कुणी विचारलं होतं? या वेळी मी जवळ तरी आहे. चालू ठेव. नीट चालू ठेव."

शिरीषनं चालू ठेवलं, आणि त्यासाठी मी त्याची आजन्म ऋणी आहे. त्यानं ना घाई केली ना रडारड. म्हातारा खाटेवर आहे म्हणाला, नखं निळी आहेत, पाणी मागतोय. सरितानं पाणी पाजलं. तिच्या हातात खरं काहीच नव्हतं, तरी तिचा हात तसा वाकला होता. म्हाताऱ्यानं विचारलं, फुटाणे संपले का? ती म्हणाली, आहेत बाबा, उशाशी ठेवलेत. मग हातातला फासा खाली ठेवून शिरीष म्हणाला, "गेले."

थोड्या वेळानं त्यानं हलकेच पुढचं सांगितलं. "दारात सरकारी गाडी आली आहे."

"गाडी नको," सरिता म्हणाली. "मी त्यांना गाडीत घालू देणार नाही. मी खांदा देणार." मग तिनं वर पाहिलं. "चार जण लागतात."

विक्रांतनं खांदा म्हणजे काय ते डोनलला समजावायला सुरुवात केली, तर डोनल म्हणाला, "मला काय सांगतोस? आमच्याकडे आम्हीच नेतो. शेजारीपाजारी, लेकी, सुना, सगळे." त्याची मावशी लॉकडाऊनमध्ये गेली तेव्हा दहाच माणसांना परवानगी होती. अख्खं गाव रस्त्याच्या कडेला लांब लांब उभं राहिलं, पण शवपेटीला हात लावायला कुणाला मिळालं नाही. "मी येतो," तो म्हणाला. "उंच आहे, मला मागे ठेवा. पुढच्या दोघांची उंची सारखी बघा, नाहीतर म्हाताऱ्याला नीट झोपता येणार नाही."

"मी पुढे," विक्रांत म्हणाला. "चोर तर चोर."

शिरीषनं नियम सांगितला. जो शिवेल त्यानं नदीवर पोचल्यावर फासा टाकायचा. एक पडला तर त्याला निळी. या पात्रांवर या माणसांचा केवढा जीव! विक्रांतनं आपल्या चोराच्या जादूच्या बुटांसाठी चार महिने डोकं खाल्लं होतं माझं. पण दोघांपैकी कुणी क्षणभरसुद्धा घुटमळलं नाही. मला सरळ त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. नवऱ्याबद्दल असं वाटण्याची वेळ क्वचित येते, म्हणून नोंदवून ठेवते.

"तीन झाले," सरिता म्हणाली. "चौथा?"

शिरीष खेळ चालवणारा, त्याला खेळता येत नाही. शहरात सगळी दारं बंद. माझ्या कढईतले वडे काळे पडायला लागले होते.

मी गॅस बंद केला, हात पुसले आणि खुर्ची ओढून बसले. "मी देते," म्हटलं.

"तुझं पात्र कोण?" शिरीषनं विचारलं. "चोर, सैनिक, कोण?"

मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण दारात कोण उभं आहे ते तर त्यानंच आत्ता सांगितलं होतं. "गाडीवाला," मी म्हणाले. "सरकारी गाडीवरचा माणूस. तो गाडी सोडतो आणि खांदा देतो."

सरितानं माझ्याकडे पाहिलं.

मग आम्ही निघालो. शिरीष एकेक गल्ली सांगत गेला. बंद खिडक्या, विझलेल्या चुली, कुठे एखाद्या फटीतून जोडलेले हात. माझ्या सासऱ्यांच्या वेळी मी दारातच थांबले होते, बायका तिथूनच मागे फिरतात म्हणून. त्या दुपारी मात्र मी नदीपर्यंत गेले. वेशीवरच्या पहारेकऱ्यानं अडवलं तेव्हा डोनलचा लोहार नुसता त्याच्याकडे बघत राहिला, आणि पहारेकरी बाजूला झाला. त्याच्यासाठी शिरीषनं फासा मागितलासुद्धा नाही.

नदीवर सरितानं अग्नी दिला. ती रडली, भरपूर रडली, आणि आम्ही तिला रडू दिलं. डोनलनं उठून कुठल्याशा प्रेसमधून कप शोधला आणि तिला पाणी आणून दिलं. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आमच्या घरातही आता तेच झालंय.

मग फासे. विक्रांतला चार, डोनलला सहा, सरिताला तीन. मला एक.

"गाडीवाल्याची नखं निळी पडताहेत," शिरीष अगदी नाइलाजानं म्हणाला.

"अरे, ती खेळतसुद्धा नाही!" विक्रांत म्हणाला. "सोड ना."

पण सरितानं डोळे पुसले होते आणि ती ताठ बसली होती. "मी वैद्य आहे," ती म्हणाली. "यांना माझ्या घरी आणा. बाबांची खाट रिकामी आहे. मी यांना बरं करणार." मग ती माझ्याकडे वळली. सरिता मला नेहमी अगं-तुगं करते. तिनं विचारलं, "तुमचं नाव काय?"

गाडीवाल्याला नाव असतं हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. जे तोंडात आलं ते सांगितलं. "सुभाष."

"सुभाषभाऊ," ती म्हणाली. तिनं माझे तेलकट हात दोन्ही हातांत धरले. "मला तेव्हा तुमचे चेहरे दिसले नाहीत. नावंही कळली नाहीत. स्वतःच्या घरी लेकरंबाळं असतील, तरी तुम्ही माझ्या बाबांना उचललंत. मी तिथे नव्हते, तुम्ही होतात. तुमचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही."

टेबलाभोवती सगळे खाली बघत होते. ती माझे हात सोडेना. तिला आणखी काय विचारायचं होतं ते मला माहीत होतं, आणि या वेळी मला बोलता आलं.

"जपून ठेवलं, ताई," मी म्हणाले. "कंबरेखाली हात घालून ठेवलं. जरासुद्धा हिसका बसू दिला नाही."