जनीच्या लग्नाचा पाट

साहेब, तुम्ही भर सभेत खोटं बोललात! "जनीचं लग्न लागलंच नाही," म्हणालात. "बायकांच्या गाण्यांनी कुठं लग्न लागतं?" लागलं. मी तिच्या खाली होतो.

मित्रांनो, मी एक जुना पाट आहे, चौलजवळच्या कोळीवाड्यातला. आधी मी होडीची फळी होतो. होडी थकली तेव्हा अनंता सुताराने मला तिच्यातून काढलं. तेव्हापासून वाड्यातली प्रत्येक नवरी माझ्यावर बसली. येते तेव्हा तिचे पाय लटपटत असतात. मग केसरआय धवला म्हणू लागते. ती आमची धवलारीण, गाऊन लग्न लावणारी बाई. ती देवांना बोलावते, दर्याला बोलावते, घरातल्या गेलेल्या माणसांनाही नाव घेऊन मांडवात बोलावते. पोरीचे पाय ठरतात. आसवं माझ्यावर पडतात. खाऱ्या पाण्याचं मला काय, मी होडीचाच! आणि पुढच्याच कडव्यात केसरआय वरमाईची अशी खोड काढते की नवरी हसून हसून माझ्यावरून घसरायला येते.

सन १९३२ मध्ये, साहेब, तुम्ही सुधारणा घेऊन आलात. धवला बंद. पोथीवाला भटजी आणा, नाहीतर लग्न मानणार नाही, म्हणालात. वाडा घाबरला. मी कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण झालो.

मग जनीचं लग्न आलं. तिचा बाप चंदर दर्यात गेला तो परतलाच नव्हता. काका गुणाजीने तिला खुर्चीवर बसवलं. पोथीवाल्याने तोंड उघडलं आणि जनी उठली.

"काका, माझ्या बाला कोनी बोलवलं?"

"गप बस पोरी. साहेब बसल्यात."

"साहेब जेवाया आलं, नि माझा बा दारातच उभा? धवल्याबिगर तो यायचा न्हाय. तो आल्याबिगर मी माळ घालायची न्हाय!"

कोपऱ्यातून केसरआय म्हणाली, "गुणाजी, कोंबड्या हाकल. पाट आन."

मला धुतलं, पुसलं. जनी बसली. काय थरथरत होती! केसरआयने सूर धरला. देवांना बोलावलं, दर्याला बोलावलं, मग म्हणाली:

ये रं चंदरा, लाट उतरून ये,
लेक बसली पाटावं, हात ठेवून जा.

गुणाजी लहान पोरासारखा रडला. जनीचे पाय ठरले. लगेच केसरआय नवऱ्याकडे वळली:

जावई बघ चंदरा, मिशा कोळंबीच्या,
जाळं टाकाया आला नि सोताच गावला!

अख्खा मांडव हसला. जनी तर अशी हसली की माझा जुना खिळा कुरकुरला. पोथीवाल्याने पोथी मिटली आणि स्वतःच पहिल्या अक्षता टाकल्या.

मित्रांनो, मला नाही जपलंत तरी चालेल, मी लाकूड आहे. केसरआय आहे तोवर तिचे धवले तोंडपाठ करा. ते कुठल्याच पोथीत नाहीत.

आणि साहेब, तुम्ही मांडवातही जोडे काढले नव्हते. तुमच्या जोड्याचं टोक माझ्या कडेला लागलं होतं. ते ताल धरत होतं. "ये रं चंदरा" म्हणताच ते थांबलं आणि तुम्ही उपरण्याने डोळे पुसलेत. लग्न लागलंच नाही म्हणता ना? मग त्या घटकेला तुमच्या घरचं गेलेलं कोण आलं होतं मांडवात? सांगा. पाट उत्तर मागतोय.