गोड पाण्याची विहीर

उपसरपंच गुलाबचंदांची विहीर गावात नावाजलेली. दारी माणूस आला की आधी लोटाभर पाणी, बाकीचं मग. आणि पाण्याबरोबर विहिरीचं कौतुकही गिळावं लागे. "बोदलकसाले गेलो, इटियाडोहले गेलो, असं पानी कोठीच नाही," हे वाक्य सुरू झालं की त्यांच्या पत्नी पुष्पाबाई उठून स्वयंपाकघरात जात.

सध्या मात्र गुलाबचंदांना घोर लागला होता तो तलावाच्या पाण्याचा. संडासाचा पाइप त्यांनी गुपचूप तलावात सोडला होता. पाइपाच्या तोंडावर बेशरमाची झुडपं माजली होती, म्हणून अब्रू झाकलेली. पण यंदा मासे पोट वर करून तरंगले, पोहणाऱ्या पोरांना खाज सुटली, आणि पाणी तपासायचं शिकून आलेली शेजारची सून दुलारी हट्टाला पेटली. तलावाचं पाणी खराब निघालं तर काठ धुंडाळून पाइप शोधायचा, असं ग्रामसभेत ठरलं.

दुलारीने सगळ्यांदेखत तलावाचं पाणी छोट्या बाटलीत भरलं, वर चिठ्ठी चिकटवली. "यात औषध हाये. पान्यात घान असन तं बाटली काळी पडन. परवा पाहू." बाटली आणि तिची पेटी पंचायतीच्या कपाटात गेली. किल्ली गुलाबचंदांकडे. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ते हेच.

दुपारी पंचायत ओस पडली तशी त्यांनी पेटीतली, तेच औषध घातलेली एक कोरी बाटली खिशात घातली आणि घर गाठलं. दुकानात सीलबंद पाणी मिळत होतं. पण घरी अशी विहीर असताना पाणी विकत घ्यायला गुलाबचंद काय खुळे होते? बाटली विहिरीच्या पाण्याने भरली, पंचायतीत परत येऊन तलावाच्या बाटलीवरची चिठ्ठी काढून तिच्यावर डकवली, ती कपाटात ठेवली आणि तलावाची बाटली बेशरमात भिरकावली. स्वतःच्या हुशारीवर ते इतके खूश झाले की वाटेत दोघांना पानही खिलवलं.

ठरल्या दिवशी सभेत कपाट उघडलं. बाटली डांबरासारखी काळी.

गुलाबचंदांच्या तोंडचं पाणी पळालं. पाइप विहिरीच्या अगदी कडेने नेला होता, हे त्यांना आत्ता आठवलं. हे पाणी तलावाचं नाही, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण मग कुठलं, म्हणून कोणी विचारलं असतं तर?

"काऊन काकाजी, चूप काऊन बसून राहिले?" दुलारी म्हणाली. "तलावाचंच पानी हाये ना?"

"तलावाचंच," गुलाबचंद पुटपुटले.

गाव उठून काठावर गेलं आणि बेशरम तोडून पाइप शोधला. माग काढत सगळे गुलाबचंदांच्या अंगणात येऊन थडकले. लाजेने त्यांची मान वर होईना. तेवढ्यात पुष्पाबाईंनी रिवाजाप्रमाणे पाण्याचा लोटा आणून दुलारीपुढे धरला.

दुलारीने लोटा घेतला आणि गुलाबचंदांसमोर ठेवला.

"पहिले तुमी घ्या, काकाजी," ती हळूच म्हणाली. "माह्या पेटीत एक कोरी बाटली कमी हाये. अन् मी बाटली भरली तवा तलावाच्या पान्यात शेवाळ होतं, या काळ्या बाटलीत ते नाही."

गुलाबचंदांनी लोट्यात पाहिलं. पाणी काचेसारखं नितळ होतं. आयुष्यभर तेच प्यायलेल्या त्या माणसाने लोटा बायकोकडे परत सरकवला.

"सगळ्याइले चाय मांड," ते म्हणाले. "अन् पानी खूब उकळू दे."