मामांची स्वारी

हेलिकॉप्टर दुरुस्तीच्या त्या हँगरमध्ये एक भारी खोड होती. पंख्याजवळचं काम संपलं की चाकांच्या प्लॅटफॉर्मवरून कोणी खाली उतरायचं नाही. वरचा माणूस कठडा धरून उभा राहायचा आणि खालचे दोघे ब्रेक सोडून त्याला थेट शेपटीपर्यंत ढकलत न्यायचे. याला म्हणायचे स्वारी. उतरून, प्लॅटफॉर्म हलवून, पुन्हा चढणारा तो भित्रा.

गेल्या आठवड्यात रंगाऱ्याची स्वारी निघाली. जमिनीवरच्या हवेच्या नळीला चाक अडलं आणि तो कठड्यावरून खाली आला. खांद्याचं हाड मोडलं. "त्याचंच लक्ष नव्हतं," असं म्हणून सगळे मोकळे झाले. धन्य ती माणसं!

सगळे म्हणजे एक सोडून. ती मेकॅनिक, फोरमनची सख्खी भाची. अंगाने एवढीशी आणि जिभेने तिखट, म्हणून तिला लवंगी म्हणत. पण नोकरी मामांनीच लावून दिलेली, तेव्हा त्यांच्यापुढे ती तोंड उघडेल असं कोणालाच वाटलं नव्हतं.

त्या दिवशी मामा स्वतः वर चढले. पंख्याचं काम तपासलं आणि ओरडले, "चला, ढकला शेपटीकडे!"

लवंगी पुढे झाली आणि चाकाच्या ब्रेकवर पाय रोवून उभी राहिली. "आधी उतरा, मामा."

"काय?"

"उतरा. माणूस वर असताना हा हलणार नाही."

ढकलायला आलेले दोघे गालातल्या गालात हसले. मामांचा पारा चढला. "मला शिकवतेस? तुला इथे आणलं कोणी?"

"तुम्हीच. म्हणून तर पडू देत नाही."

"पाय काढ. नाहीतर उद्यापासून घरी बस."

या कामावर तिचा जीव होता, आणि मामा बोलले तसं करणारे होते. पण पाय जागचा हलला नाही.

मामा का उतरत नाहीत, हेही तिला ठाऊक होतं. घरी जिन्यात ते अर्ध्यावर टेकायचे. इथे मात्र गुडघ्यांचं नाव काढायचे नाहीत. स्वारीमुळे त्यांची एक चढउतार वाचायची. ती सुरू त्यांनीच केली, बाकीच्यांनी मर्दुमकी समजून उचलली.

"गुडघे दुखतात ना? मग तसं सांगा!" तिचा आवाज चढला. "दुखण्याची लाज वाटते, आणि रंगाऱ्याच्या मोडलेल्या हाडाची नाही वाटत?"

कोणी हसलं नाही.

मामा पाठ फिरवून एकेक पायरी उतरू लागले. मध्येच थांबले, तेव्हा एकाने हात पुढे केला. "खबरदार!" मामा खेकसले.

खाली आल्यावर ते घाम पुसत म्हणाले, "उद्या येऊ नकोस."

"येणार. हाकलायचंच असेल तर कशासाठी ते रंगाऱ्याच्या तोंडावर सांगा."

उत्तराची वाट न बघता तिने ब्रेक सोडला आणि रिकामा प्लॅटफॉर्म ढकलू लागली. तो जड होता. दोघं तिच्या मदतीला धावले. शेपटीपाशी तिने चाकं पक्की केली, कठडा हलवून पाहिला आणि वर चढली.

खाली मामांनी एक खोकं ओढलं, सगळ्यांच्या देखत त्यावर बसले आणि गुडघा चोळू लागले.

"डावीकडचा बोल्ट नीट बघ गं," ते म्हणाले.