अभोण्याची चतुरा

“वाफ्याला सुटलं पाणी, बांधावर भिजली जाई,
भिमाजींचं नाव घेते, वाट सोडा बाई.”

किती वर्षं झाली, पण तो आवाज भिमाजीच्या कानात अजून तसाच होता. बारीक, थरथरता, आणि शेवटच्या ‘बाई’वर एकदम ठसक्यात आलेला. दार अडवून उभ्या नणंदा आधी गप्प झाल्या आणि मग खिदळल्या होत्या. आपलं नाव इतकं बरं आहे, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं होतं.

“मावशी, मालकांचं नाव सांगा बरं,” सिस्टर ज्योत्स्ना खाटेवर वाकून विचारत होती.

चतुराबाईनं पदराचं टोक ओठांवर धरलं. डोळ्यांच्या कडेनं नवऱ्याकडे पाहिलं, आणि मान भिंतीकडे वळवली.

“अहो मावशी, लाजता काय? डॉक्टर म्हणतील, पेशंटचं डोकं चालत नाही.”

“आत्याबाई अशा नाय घेणार,” सून सविता हसली. “उखाण्यात घ्यायला लावा.”

“मग घ्या उखाण्यात! सगळा वॉर्ड ऐकतोय.”

चतुराबाई क्षणभर छताकडे बघत राहिली. मग ओठ हलले.

“सिस्टरच्या हाती सुई, डाक्टरच्या हाती बत्ती,
भिमाजींचं नाव घेते, करू नका सक्ती!”

वॉर्डभर हशा पिकला. दारातून येणारे डॉक्टरही थबकून हसले. “वा! डोकं चांगलं चाललंय. असंच बोलतं ठेवा यांना.”

आदल्या संध्याकाळी ती माळ्यावरून शेंगांचं पोतं काढायला शिडीवर चढली आणि शिडी सरकली. कानशील खालच्या पाट्यावर आदळलं. जरा वेळ ती निपचित होती, मग उठली, भाकऱ्या थापल्या, सगळ्यांना वाढलं. डोकं ठणकायला लागलं ते जेवणं झाल्यावर. उलट्या झाल्या, तेव्हा भिमाजीनं गावाहून, निवाण्याहून, जीप केली आणि नाशिक गाठलं. नाशकातच अंबडच्या कारखान्यात काम करणारा मुलगा ललित बायकोला घेऊन थेट दवाखान्यात आला. आता तो रक्ताच्या बाटलीची सोय करायला गेला होता. शहाण्णव सालचा फेब्रुवारी. नाशकात मेंदूचा फोटो निघतो, हेच भिमाजीला नवं होतं.

डॉक्टरांनी तो फोटो उजेडाला धरून दाखवला होता.

“हे हाड. हा मेंदू. मेंदूवर एक आवरण असतं. हाड आणि आवरण यांच्यामध्ये हे पांढरं दिसतंय ना, ते साठलेलं रक्त. थोडं आहे. जिरलं तर उत्तम.”

“आन् नाय जिरलं तर?”

“वाढलं तर मेंदू दाबला जाईल. पोट फुगतं बाबा, कवटी फुगत नाही. आतल्या मेंदूनं सरकायचं कुठं? मग हाड उघडून रक्त काढावं लागेल. तेही ताबडतोब. आतलं आपल्याला दिसत नाही, म्हणून माणसाला बोलतं ठेवायचं. बोलण्यात जरा जरी फरक वाटला, तर लगेच सांगा. वाट बघू नका.”

भिमाजीनं मान हलवली होती. पण ‘हाड उघडून’ हे शब्द ऐकताच त्याच्या डोळ्यांपुढे गावचा गोटीराम उभा राहिला. गोटीराम चिंचेवरून पडला होता. त्याचंही डोकं उघडलं. जीव वाचला. आता तो ओट्यावर बसून असतो. घास भरवला की गिळतो आणि आपल्या आईला विचारतो, “कोन हाये तू बाई?” ती माउली रोज नव्यानं सांगते.

देवा, तसं नको. भिमाजी मनात एवढंच म्हणत होता. जगली पाहिजे, पण तसं नको.

दुपार चढली. वॉर्डातले पंखे घरघरत होते. खिडकीतून द्वारका चौकातल्या ट्रकांचे हॉर्न येत होते. चतुराबाईचे डोळे मिटायला लागले होते. सिस्टर पुन्हा आली, तिनं डोळ्यांत बत्ती मारून पाहिली. बाहुल्या बारीक झाल्या.

“मावशी, नाव काय तुमचं?”

“चतुरा.” शब्द जडावून आला.

“माझा हात दाबा. हं, छान. गाव कोणतं?”

“अभोणं.”

भिमाजी चमकला. सविता मात्र चहाची किटली खाली ठेवत म्हणाली, “घ्या! जरा दुखलं की माहेर आठवलं. आत्याबाई, निवाण्याला कोन जाईल मग?”

“बायकांचं असंच असतं,” सिस्टर हसली. “मलापण ताप आला की मनमाडच आठवतं. बरं मावशी, आता मालकांचं नाव?”

चतुराबाई गप्प.

“उखाणा संपला वाटतं?”

“दोनदोनदा कशाला घेतील सिस्टर,” सविता म्हणाली. “तेवढं सकाळी घेतलं, तेच लय झालं.”

सिस्टर हसत पुढच्या खाटेकडे वळली. सविता किटली विसळायला गेली. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी जात्यावर बसून हेच तर गायलं होतं. दळण सासरचं, गाणं माहेरचं. आणि नवऱ्याचं नाव ओठांआड ठेवणं ही तर शहाणपणाची खूण. दुखणं त्या दोन्हींच्या आड लपून बसलं होतं.

पण भिमाजीनं पाहिलं होतं. सकाळी ती गप्प झाली, तेव्हा पदर ओठांवर गेला होता. डोळे त्याच्याकडे वळले होते. आता पदर छातीवर तसाच पडून होता. डोळे त्याच्यावरून फिरले, ते पंख्यावरून, भिंतीवरून फिरावेत तसे.

“ललितची माय,” त्यानं हळूच हाक मारली.

ती हलली नाही.

“ललितची माय, इकडं बघ ना.”

ती बघेना. हे संबोधन आपलं आहे, असं तिच्या चेहऱ्यावर कुठंच नव्हतं. भिमाजीनं आजूबाजूला पाहिलं. लग्न झाल्यापासून जे नाव त्यानं चारचौघांत कधी उच्चारलं नव्हतं, ते तिच्या कानाशी वाकून म्हणाला.

“चतुरे.”

तिनं लगेच मान वळवली. डोळे उघडले. अनोळखी ठिकाणी कुणी नावानं हाक मारल्यावर माणूस हसतं, तशी ती आदबीनं हसली.

“दादा, तुमी आमच्या अभोण्याचे का वं?”

भिमाजीनं स्टुलाची कड घट्ट धरली.

“माझा बा भाईर थांबलाय. त्याला तेवढी हाक मारता का?” शब्द एकमेकांवर घसरत होते. “म्हनावं... पोर वाट बघती.”

तिचा बा जाऊन कैक वर्षं झाली होती. भिमाजीनंच त्याला खांदा दिला होता.

“मारतो,” तो म्हणाला.

तिचे डोळे मिटले. श्वासाला घोरण्यासारखा आवाज येऊ लागला. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, “झोपू द्या हो त्यांना, थकल्या असतील.”

खरंच थकली असेल, भिमाजीनं स्वतःला समजावलं. माणूस झोपेत काहीही बोलतं. उठली की विचारील, चहा घेतला का. कुणाला सांगितलं की वस्तरा येईल, केस जातील, हाड उघडेल. आणि मग ओट्यावर गोटीरामशेजारी... ती मला ओळखणार नाही, एवढीच तर भीती होती. आणि ती तर कुणी डोक्याला हात न लावताच खरी झाली होती.

दारात डॉक्टर उभे होते. हातात बॅग, दुसऱ्या दवाखान्यात निघालेले.

“काय सिस्टर, त्या उखाणेवाल्या मावशी?”

“ठीक आहेत सर. हात दाबतात, नाव सांगतात. मालकांचं नाव विचारलं की लाजतात. आता झोपल्यात.”

“बरं. येतो मी संध्याकाळी.”

किटली घेऊन आलेली सविता बाजूला सरकली, त्यांना वाट देण्यासाठी. डॉक्टरांचे बूट व्हरांड्यात वाजले. भिमाजी उठला. सबंध वॉर्डासमोर, सुनेसमोर हे तोंडातून काढायचं होतं. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

“डाक्टरसायेब!”

आवाज इतका मोठा आला, की खाटेखाटेवरच्या माना वळल्या. डॉक्टर मागे फिरले.

“काय झालं बाबा?”

“ती लाजत नाय.” त्यानं टोपी मुठीत आवळली. “गाव अभोणं सांगती. गेलेल्या बाला हाक मारा म्हनती. मला दादा म्हनली.”

“मामा!” सविता पुटपुटली.

डॉक्टरांनी बॅग तिथंच टाकली आणि ते खाटेकडे धावले. सिस्टरनं चतुराबाईचे खांदे हलवले. भिमाजी बाजूला झाला. वाट मोकळी करून तो भिंतीला टेकला आणि जे आत अडलं होतं ते बोलला.

“माझं नाव ती कुठून घेईल सायेब... तिचं अजून लगीनच झालं नाय.”